माझ्या भुताला कोणी हसेना

मी लिहिलेली कादंबरी विनोदी आहे, हे मला आजवर एकतीस जणांना समजावून सांगावं लागलं आहे. त्यातल्या सहा जणांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "धीर धरा" असं म्हटलं. एकाने घरी सगळे ठीक आहेत ना, अशी चौकशी केली. बाकीच्यांनी "असं होय!" म्हणून विषय बदलला.

कादंबरीचं नाव 'राजीनामा नामंजूर'. गोष्ट साधी आहे. एका पाच मजली इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टशेजारी 'दार नीट लावा' अशी पाटी ठोकता ठोकता तोल जाऊन लिफ्टच्या खड्ड्यात पडतात आणि मरतात. मरतात खरे, पण त्यांचा राजीनामा सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला नसतो, त्यामुळे त्यांना जाता येत नाही. ते लिफ्टमध्येच राहतात. जो कोणी दार उघडं टाकेल त्याला तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकवतात आणि मागच्या अकरा वर्षांची सभेची इतिवृत्तं वाचून दाखवतात. ती ऐकता ऐकता तिघं जण प्राण सोडतात. एकाचा तर 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' इथेच जातो.

आता यात रडण्यासारखं काय आहे, मला सांगा.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागात आहे. मीटर उलटा फिरतो, मीटर फिरतच नाही, मीटर दिसत नाही, अशा तक्रारी ऐकण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यामुळे माणसाच्या दुःखाकडे जरा लांबून, मान तिरकी करून बघायची सवय लागली. चार वर्षं जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि वही एका बाजूला ठेवून मी ही कादंबरी लिहिली. ओळखीच्या एका छापखान्याने छापली. त्यांचं मुख्य काम औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापण्याचं होतं. म्हणून असेल, मलपृष्ठावर माझा फोटो, फोटोखाली फोन नंबर आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असं छापून आलं. यावरही कोणी हसलं नाही. लोकांना वाटलं, भुताच्या पुस्तकाला तशी सूचना असतच असेल.

पहिली वाचक अर्थातच बायको. ती पंचवीस वर्षं दवाखान्यात नर्स आहे. मरण हा तिच्या दृष्टीने कामाच्या वेळेत येणारा विषय. सुट्टीच्या दिवशी ती पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसली आणि मी शेजारच्या खोलीत कान देऊन बसलो. दोन तासांत एकदा "हं" ऐकू आलं. एकदा शिंक. एकदा खुर्ची सरकली, तेव्हा मला वाटलं हसून लोळायला लागली. जाऊन बघतो तर ती चहा टाकायला उठली होती.

"कशी वाटली?" संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारणं किती अवघड असतं हे ज्याने पुस्तक छापलंय त्यालाच कळेल.

"एवढ्या उंचीवरून पडल्यावर माणूस इतकं बोलत नाही," ती म्हणाली.

"अगं, तो विनोद आहे."

"असेल. पण बरगड्या मोडल्यावर नाही बोलता येत. आणि काय हो, ती त्याची बायको, नवरा गेल्यावर आधी नऊ तास झोपते. ती मीच ना?"

"नाही, नाही! ती काल्पनिक आहे."

"तेच म्हटलं. सलग नऊ तास कुठलं मला जमायला?" एवढं बोलून ती भाजी चिरायला निघून गेली. मी वहीत 'वाचक पहिला: संमिश्र' असं लिहून ठेवलं.

दुसऱ्या वाचक दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या शिक्षिका. या बाईंचा कशावरच विश्वास नाही. बाजारातल्या वजनकाट्यावर नाही, वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या अंदाजावर नाही, तिथे भुताची काय कथा! त्यांना पुस्तक देताना मी निश्चिंत होतो. तीन दिवसांनी त्या जिन्यात भेटल्या. धापा टाकत होत्या.

"लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे की. भुताबितावर माझा अजिबात विश्वास नाही. पण पान एक्काहत्तरपासून मी जिनाच वापरते." मग त्या कठड्याला टेकल्या. "आणि तुमची आकडेमोड चुकलीय. अकरा वर्षांची इतिवृत्तं, महिन्याला एक सभा, एका सभेचं वाचन वीस मिनिटं धरलं तर तो मनुष्य चव्वेचाळीस तासांनी मरायला हवा. तुम्ही त्याला चाळीस तासांतच मारलाय."

"अशक्त होता हो तो."

"तसं लिहायचं मग!" त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. एकेक पायरी मोजत गेल्या, ते मी ऐकलं.

बाईंसारखी बाई जिना चढते हे बघून बाकीच्यांनी काय ते ओळखलं. आठ दिवसांत निम्मी इमारत जिन्याने ये-जा करू लागली. पुस्तक न वाचलेलेसुद्धा. किंबहुना न वाचलेले जास्त घाबरले, कारण वाचलेल्यांनी त्यांना गोष्ट सांगताना इतिवृत्तांचा भाग गाळला आणि नुसते तीन मुडदे तेवढे सांगितले. माझ्या चार वर्षांच्या मेहनतीतला सगळा विनोद असा जिन्यातल्या जिन्यात सांडून गेला.

खरी अडचण झाली ती पाचव्या मजल्यावरच्या टेलरकाकांची. त्यांचं शिवणकाम घरातच चालतं. गिऱ्हाइकं पाच मजले चढायला तयार होईनात, लिफ्टमध्ये बसायला त्याहून तयार होईनात. मग टेलरकाका गळ्यात टेप घालून खाली पार्किंगमध्ये उभे राहू लागले. मी कामावर जाताना बघायचो, तर दोन स्कूटरच्या मध्ये एखादा सद्गृहस्थ हात आडवे पसरून उभा असायचा आणि काका त्याची छाती मोजत असायचे. मला बघितलं की काका टेप आवळून धरायचे. त्या गृहस्थाचा जीव गुदमरायचा.

"काका, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला," मी एकदा थांबून म्हटलं.

"त्रासाचं सोडा. मला एक सांगा, तुमच्या भुताच्या अंगावर काय आहे?"

"म्हणजे?"

"कपडे काय घातलेत? सबंध पुस्तकात कुठे लिहिलेलंच नाही. माणूस घाबरतो तो त्यानेच! पुढच्या आवृत्तीत त्याला एक बरा कोट द्या. कोट घातलेल्या माणसाला कोण भितं?"

सल्ल्यांचा हा नुसता पहिला शिंतोडा होता. गणिताच्या बाईंनी सुचवलं की भुताची बदली तळमजल्यावर करावी, तिथे पंप सोडला तर कोणी राहत नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सुचवलं की पुस्तकात एक जास्तीचं पान चिकटवून त्यात भुताला परगावी पाठवून द्यावं. मी भूत निर्माण केलं होतं, पण मालकी सगळ्या इमारतीची झाली होती.

आणि फोन! मलपृष्ठावरच्या त्या नंबरावर फोन येऊ लागले. पहिला फोन आला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. वाचकाचा फोन! "आपणच का ते?" पलीकडून एका गृहस्थाने विचारलं.

"हो, मीच लेखक."

"आमचे आजोबा गेले. त्यांच्या कपाटाची किल्ली सापडत नाहीये. जरा विचारून सांगाल का?"

मी त्यांना कादंबरी, कल्पना, साहित्य यांतला फरक दहा मिनिटं समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग कधी विचारताय?" मी वैतागून म्हटलं, "कपाटाच्या मागे बघा!" आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्यांचा परत फोन. किल्ली कपाटाच्या मागे होती. त्यांनी माझे इतके आभार मानले की मला रडू यायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. एका बाईंना हरवलेली चमच्यांची जोडी हवी होती. एकाला त्याच्या गेलेल्या मामाने मरताना "बाकीचं सगळं त्या..." एवढंच म्हटलं होतं, त्याला पुढचं वाक्य हवं होतं. वाक्यं पुरी करणं हे तसं लेखकाचंच काम, पण मी नकार दिला. बायको मात्र म्हणाली, "माझी छत्री कुठे गेली तेही बघा ना जरा."

अशात एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात सेक्रेटरी उभे. आमच्या सोसायटीचे, खरे, जिवंत सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून सोसायटी हाच त्यांचा संसार. हातात फाइल, नाकावर चष्मा, चष्म्याला काळी दोरी.

"पान चाळीसवर मी मेलोय असं कळलं," बसता बसता ते म्हणाले.

"तुम्ही नाही हो साहेब. कादंबरीतले सेक्रेटरी."

"या इमारतीला किती सेक्रेटरी आहेत?"

"पण ती इमारत काल्पनिक आहे."

"मजले किती?"

"पाच."

"लिफ्ट कशी?"

"जाळीच्या दाराची."

"गच्चीच्या किल्लीवरून भांडण?"

"ते तर सगळ्याच इमारतींत असतं!"

"चष्म्याला दोरी?"

ती दोरी मी एका खर्ड्यात काढून टाकली होती. पण तिच्याशिवाय तो माणूस काही केल्या उभा राहीना, म्हणून परत बांधली.

"मरणाचं मला काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "माणूस कधी ना कधी मरतोच. पण मी मेल्यावर लोक गच्चीवर जाऊन गाणी म्हणतात?"

"गाणी नाही, साहेब. एकच गाणं."

"मी अकरा वर्षं या इमारतीची टाकी वेळेवर धुऊन घेतली."

"तुम्ही एकदा पुस्तक वाचा तरी. शेवटी सगळ्यांना त्यांची आठवण येते."

"मी वाचणार नाही," ते उठून उभे राहिले. "निषेध म्हणून." आणि जाताना आमचं दार त्यांनी हळूच, नीट लावलं. ते मला धाडकन आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, लिफ्टच्या मिस्त्रीला बोलावून लिफ्टची तपासणी करून घेतली. मिस्त्रीने दोन तास खटपट करून लिफ्ट उत्तम असल्याचं सांगितलं आणि मग तो सरळ माझ्या घरी आला. पुस्तक वाचलेलं होतं! मी त्याला आग्रहाने बसवलं.

"साहेब, एकशे बाराव्या पानावर तुम्ही दोर तोडलाय," तो दुखावलेल्या स्वरात म्हणाला. "दोर असा तुटत नसतो. वर ब्रेक असतो. तुटला तरी लिफ्ट तिथल्या तिथे धरली जाते. आमच्या धंद्याची बदनामी आहे ही."

"अहो, पण तो दोर भूत तोडतं."

"कोणीही तोडू दे!" मिस्त्री म्हणाला.

दुसरी गोष्ट म्हणजे विशेष सभा. विषय क्रमांक एक: 'सदस्याने लिहिलेल्या भुताबाबत विचार करणे.' सभा पार्किंगमध्ये झाली. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचायला सुरुवात केली तेव्हा चार जण उठून जिन्याकडे गेले. मी उभा राहून, भूत खोटं आहे, असं शपथेवर सांगितलं. त्यावर पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "खोटं असतं तर सांगायची वेळ आली नसती." तासाभराच्या चर्चेनंतर ठराव झाला: 'लेखकाने भूत तीस दिवसांच्या आत परत घ्यावे.' परत कसं घ्यायचं, घेतल्यावर ठेवायचं कुठे, याबद्दल ठरावात काही नव्हतं. टेलरकाका तटस्थ राहिले. ठरावाची एक प्रत माझ्या कार्यालयाला पाठवावी, असंही ठरलं.

कार्यालयात प्रत पोचली आणि मला लेखी विचारणा झाली: 'आपण भूत लिहिल्याचे निदर्शनास आले आहे. यासाठी पूर्वपरवानगी घेतली होती काय?' मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब सज्जन. त्यांनी कपाटातून साहित्य, कला व तत्सम बाबींसाठीचा अर्ज शोधून काढला. तो आजवर कोणी भरलेला नव्हता, म्हणून तेही उत्सुक होते. पहिले काही रकाने सरळ होते. मग आला रकाना सात: 'लेखनातील घटना सत्य आहेत काय? असल्यास पुरावा जोडावा. नसल्यास असत्य लिहिण्याचे कारण द्यावे.'

"काय लिहू, साहेब?"

"काय आहे ते लिहा."

मी लिहिलं, 'लोकांनी हसावे म्हणून.' साहेबांनी ते वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "मग हसले का?" त्यांनी विचारलं.

प्रामाणिक माणसाला सरकारी अर्जात खोटं लिहिता येत नाही. मी म्हटलं, "अजून नाही."

"मग हे कारण ग्राह्य धरता येणार नाही," साहेब हळहळून म्हणाले. "एक तरी हसल्याचं कळवा, मी सही करतो. तोवर प्रकरण प्रलंबित."

म्हणजे आता हसणारा माणूस शोधणं ही माझी शासकीय गरज झाली. नाही तर भूत सेवापुस्तकात चढणार. नेमकी त्याच आठवड्यात ग्रंथपालबाईंची चिठ्ठी आली. वाचनालयात शनिवारी दुपारी वाचक-मेळावा, लेखकाने एक प्रकरण वाचून दाखवावं. मी मनाशी म्हटलं, हीच संधी. स्वतःच्या तोंडाने वाचलं की कळेल लोकांना.

वाचनालयाच्या दालनात पस्तीसेक माणसं होती. मी सगळ्यात जास्त हशा पिकवणारं प्रकरण निवडलं होतं: शोकसभेचं. सेक्रेटरींच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त करायला सभा भरते, पण गणसंख्येला एक माणूस कमी पडतो. तेवढ्यात सेक्रेटरींचं भूत लिफ्टमधून ओरडतं, "मला धरा!" खजिनदार म्हणतात, मयताला धरता येत नाही. भूत नियम काढून दाखवतं. नियमात 'जिवंत' असा शब्द नाही, 'उपस्थित' असा आहे, आणि मी उपस्थित आहे. शेवटी त्यांच्याच उपस्थितीत त्यांच्याच मृत्यूबद्दल दुःखाचा ठराव मांडला जातो आणि भूत त्याच्या विरोधात मत देतं, कारण ठरावात शुद्धलेखनाच्या दोन चुका असतात.

वाचताना मला स्वतःला हसू आवरेना. मी डोळे पुसत वर बघितलं. सगळी सभा डोळे पुसत होती. पण माझ्यासारखी नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई हुंदके देत होत्या. मागून कोणी तरी म्हणालं, "किती तो एकटेपणा!" अध्यक्ष उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "लेखक स्वतः रडल्यावर आपण काय बोलणार? मी सुचवतो, आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळे उभे राहिले. मीही राहिलो. माझ्याच विनोदाच्या स्मृतीला अशी मी दोन मिनिटं श्रद्धांजली वाहिली.

विक्रीसाठी नेलेल्या प्रती तशाच उरल्या. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाची प्रतही त्यांत परत घातली. "रागावू नका," त्या म्हणाल्या. "विनोदी कपाटात ठेवलं की वाचक येऊन माझ्याशी भांडतात. भयकथांच्या कपाटात ठेवलं तर तिथले म्हणतात, यातलं भूत नुसतं बोलतं. मला कुठे ठेवावं तेच कळेना." त्यांनी सगळ्या प्रतींचे दोन गठ्ठे केले आणि प्रेमाने सुतळीने बांधून दिले. ते काखोटीला मारून भर उन्हात घरी येताना मी ठरवून टाकलं. सगळी पुस्तकं माळ्यावर टाकायची. भूत परत घेतलं, असं सोसायटीला लिहून द्यायचं. अर्जावर कारण म्हणून 'चूक झाली' लिहायचं. पुन्हा लेखणी हातात धरायची ती फक्त मीटरचे आकडे लिहायला.

गठ्ठे घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढणं शक्य नव्हतं, म्हणून मी लिफ्टमध्ये शिरलो. दार लावतो न लावतो तोच सेक्रेटरी आले. इमारतीत लिफ्ट वापरणारे आता ते एकटेच. भूत नाही हे सिद्ध करायला ते दिवसातून तीनदा विनाकारण वर-खाली करायचे. आम्ही एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. तिसरा मजला आला. ते उतरले नाहीत. निषेध म्हणून पाचव्यापर्यंत जाणार होते. आणि तिसरा सोडून चौथ्याच्या अर्ध्यात आलो तोच खाडकन आवाज झाला आणि लिफ्ट थांबली.

सुतळीचं लोंबणारं टोक जाळीच्या दारात गेलं होतं.

सेक्रेटरींनी घंटा दाबली. घंटा खणखणली. खालून वर येणारी पावलं थांबली आणि दुप्पट वेगाने खाली गेली. "कोण आहे तिकडे?" सेक्रेटरींनी त्यांच्या सभेच्या आवाजात विचारलं. वरच्या मजल्यावर धडाधड तीन दारं लागली. मी ओरडलो, "अहो, आम्ही आहोत!" 'आम्ही' म्हटल्यावर टेलरकाकांचा आवाज आला, "अरे बापरे, आता दोन झाले!" आणि पार्किंगपर्यंत पळापळ ऐकू आली.

मी सेक्रेटरींकडे बघितलं. त्यांनी फाइल छातीशी आवळून धरली होती. कपाळावर घामाचे थेंब. ज्या माणसाला मी अख्खी कादंबरीभर लिफ्टमध्ये सुखाने नांदवला होता, त्याला बंद जागेची भीती वाटत होती.

"काही तरी बोला," ते पुटपुटले. "गप्प राहू नका. काहीही बोला."

मी गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढून काढलं आणि शोकसभेचं प्रकरण वाचायला लागलो. आधी ते ऐकत नव्हते. मग गणसंख्येपाशी त्यांनी मान वर केली. "तेरा हवेत ना?"

"हो. बारा आहेत."

"मग सभा तहकूब करून अर्ध्या तासाने..."

"पुढे आहे ते."

भूत "मला धरा!" म्हणून ओरडलं आणि सेक्रेटरींच्या नाकातून एक शिट्टी आली. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. मी थांबलो. "वाचा, वाचा!" ते म्हणाले. 'जिवंत' नाही, 'उपस्थित' असा शब्द आहे, इथे त्यांनी लिफ्टची भिंत धरली. "बरोबर आहे त्याचं! नियम तसाच आहे! मीच लिहिलाय!" आणि शुद्धलेखनाच्या चुकांसाठी भुताने विरोधात मत दिलं तेव्हा त्यांचा बांध फुटला. ते हसले. असे हसले की चष्मा दोरीला लोंबायला लागला, फाइल पडली, कागद खाली पसरले आणि त्यांवरच ते मटकन बसले. "परत! ते खजिनदाराचं परत वाचा!" मी परत वाचलं. मीही हसायला लागलो. लिफ्टच्या त्या उंच पोकळीत आमचं हसणं वरपर्यंत घुमत गेलं आणि खालून भलतंच होऊन परत आलं. इमारतीत त्या क्षणाला तळमजल्यावरच्या पंपाशिवाय कोणी उरलं नसेल, असं मला वाटलं.

चाळीस मिनिटांनी मिस्त्री आला. त्याने लिफ्ट हाताने खाली तिसऱ्या मजल्यावर आणून दार उघडलं, सुतळी सोडवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दारात साहित्य अडकल्यामुळे.' माझ्या पुस्तकाला साहित्य म्हणणारा तो पहिला माणूस, पण त्याच्या मनात तसं काही नव्हतं.

हळूहळू सगळे वर आले. टेलरकाका पुढे, टेप दोन्ही हातांत ताणून धरलेला. सेक्रेटरींनी चष्मा नाकावर चढवला, कागद गोळा केले. "तपासणी पूर्ण झाली," त्यांनी जाहीर केलं. "लिफ्टमध्ये भूत नाही. मी स्वतः आत होतो."

"मग ते हसणं कोणाचं?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

मी आशेने सेक्रेटरींकडे बघितलं. साहेबांची सही, माझी नोकरी, चार वर्षांच्या जेवणाच्या सुट्ट्या, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

"हसणं?" सेक्रेटरी म्हणाले. "कसलं हसणं? मी नाही ऐकलं." पुस्तकाविरुद्ध ठराव त्यांनीच मांडलेला. माणूस एवढ्या लोकांत कसं कबूल करेल? ते आपल्या घरात गेले. जाताना एक प्रत फाइलखाली दडवून घेऊन गेले, ते मी बघितलं. पण दडवलेल्या प्रतीने अर्जाचा रकाना भरत नाही.

गठ्ठे उचलून मी एक मजला चढायला लागलो. वळणावर बायको उभी होती. दवाखान्यातून मधल्या सुट्टीत आलेली, अजून कामाच्याच साडीत.

"मिस्त्रीला मीच फोन केला," ती म्हणाली. "बाकी सगळे खाली पळाले होते."

"पण चाळीस मिनिटं लागली गं त्याला."

"तो दहाच मिनिटांत आला. मी केलाच उशिरा."

"का?"

"इथे पायरीवर बसले होते. तुम्ही वाचत होतात ना. म्हटलं, प्रकरण संपू दे." तिने पदराने डोळे टिपले, आणि ते दुःखाने ओले झालेले नव्हते, हे पंचवीस वर्षांच्या संसारानंतर मला कळतं. "मी पण हसले. तोंडावर हात धरला होता म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. कुठे लिहून द्यायचं असेल तर देते."

माझ्या हातातून गठ्ठे पायरीवर पडले. सही झाली, नोकरी वाचली, हे सगळं मला नंतर सुचलं.

"कुठे हसलीस?" मी विचारलं. "नेमकं कुठल्या वाक्याला?"

तिने खाली वाकून एक गठ्ठा उचलला आणि पुढे चालायला लागली.

"ते नाही सांगणार. सांगितलं की तुम्ही दुसरी लिहायला घ्याल."